८ लाख ४० हजार किलोमीटर झालेली १६१३: पांढरकवडा ते खामगाव, रुईच्या गाठी भरून

गाडी टाटा १६१३, कमिन्सचं ५.९ लिटरचं सहा सिलिंडरचं टर्बो इंजिन, २००८ सालची. मीटरवर ८ लाख ४० हजार. इंजिन मोठ्या कामासाठी आजवर एकदाच उघडलेलं, ५ लाख ९० हजारांवर. माल ५६ गाठी, गाठ १७० किलोची, म्हणजे ९,५२० किलो. काट्यावर भरलेली गाडी १५ टन ७०० आली. आरसी बुकात भरल्या गाडीची मर्यादा १६,२०० किलो आहे. मार्ग पांढरकवडा, यवतमाळ, दारव्हा, कारंजा, मूर्तिजापूर, अकोला, बाळापूर, खामगाव. पावणेतीनशेच्या पुढे किलोमीटर, मार्चचा शेवटचा आठवडा.

जुनी गाडी अजून किती चालेल, हे गॅरेजात उभ्या गाडीकडे बघून कळत नाही. भरलेली गाडी चढावर घाला, दुपारच्या उन्हात चालवा, तुटक्या रस्त्यावरून न्या, मग ती स्वतःच सांगते. या फेरीत हे सगळं एका दिवसात होतं, म्हणून कोणी जुनी गाडी विकत घेत असेल किंवा आहे तीच ठेवायची का याचा विचार करत असेल, तर त्याने हाच रस्ता धरावा.

निघायच्या आधी जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या, आवारातच रेडिएटर साफ करून घ्या. जिनिंगमध्ये हवेत रुईचे तंतू उडत असतात. गाडी भरायला तासभर चालू उभी राहिली की पंखा ते तंतू ओढून जाळीवर बसवतो, वर धूळ बसते, आणि रेडिएटरच्या पुढच्या बाजूला करड्या नमद्यासारखा थर तयार होतो. पुढची जाळी काढून नखाने टोक उचललं तर तो थर चादरीसारखा सोलून निघतो. वरवर फडकं मारलं तर तंतू पाकळ्यांत आणखी आत जातात. हवा मारायची ती इंजिनाच्या बाजूने बाहेर, आणि कमी दाबाने, नाहीतर पाकळ्या वाकतात. या भागात गरम होणाऱ्या गाड्यांचा थर्मोस्टॅट काढून फेकण्याची पद्धत आहे. निम्म्या वेळा खरं कारण हा थर असतो. थर्मोस्टॅट काढू नका. या इंजिनात तो ८३ अंशांना उघडायला लागतो आणि ९५ ला पूर्ण उघडतो. तो नसला तर हिवाळ्यात इंजिन थंडच पळतं, डिझेल पूर्ण जळत नाही, सिलिंडरची भिंत धुऊन निघते आणि पिस्टनच्या रिंगा लवकर झिजतात.

एअर फिल्टरही इथेच बघा. धूळ हा वऱ्हाडातल्या इंजिनाचा पहिला शत्रू, त्यात वणी भागात चालणाऱ्या गाडीला कोळशाची भुकटी वेगळी. फिल्टर झटकून परत लावणं दोनदा ठीक, तिसऱ्यांदा नवा. पण फिल्टरपेक्षा जास्त इंजिनं खाल्ली ती फिल्टर ते टर्बो या रबरी नळीने. नळीच्या क्लिपखाली बोट फिरवा. आतल्या बाजूला बारीक माती लागली तर फिल्टर कितीही नवा असो, इंजिन धूळ पीत आहे.

पांढरकवड्याहून जोडमोहा मार्गे यवतमाळकडे रस्ता चढत जातो. यवतमाळ पठारावर, समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास. पांढरकवडा त्याच्या बरंच खाली. मोठा घाट नाही, पण भरल्या गाडीला सलग जोर लावावा लागतो. या टप्प्यात तापमानाचा काटा ९० च्या थोडा वर स्थिर राहिला. काटा १०० कडे सरकला तर खालचा गिअर घ्या, आरपीएम वाढवा, म्हणजे पंखा आणि पाण्याचा पंप जोरात फिरतात. वरच्या गिअरमध्ये दाबून चढवणं सगळ्यात वाईट: पंखा हळू, डिझेल जास्त, एक्झॉस्ट लाल.

यवतमाळच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली तेव्हा इंजिन लगेच बंद केलं नाही. चढ संपल्यावर दोन-तीन मिनिटं आयडलवर ठेवायचं. टर्बोच्या बेअरिंगला त्याच वेळी तेल लागतं. बंद केलं तर आतलं तेल जळून कोळसा होतो. आणि या तीन मिनिटांतच जुन्या इंजिनाच्या दोन खऱ्या परीक्षा होतात.

पहिली ऑइलचा दाब. गरम इंजिन, आयडल. कमिन्सची किमान मर्यादा आयडलला चौरस इंचाला १० पौंड, पूर्ण आरपीएमला ३०. या गाडीत आयडलला १८ आणि चालताना ४५ दिसले. थंड इंजिनाचा दाब बघून गाडी घेणारे फसतात. सकाळी थंडीत झिजलेलं बेअरिंगही ५० दाखवतं.

दुसरी, ऑइल भरायचं झाकण. ते फिरवून काढा, उलटं करून त्याच तोंडावर नुसतं ठेवा. चांगल्या इंजिनात झाकण जागेवर थरथरतं. थोडं नाचलं तरी चालेल. उडून पडलं, किंवा तोंडातून वाफेसारखा धूर सलग आला, तर जळालेला वायू रिंगांमधून खाली येतो आहे. इथे झाकण जागेवरच थरथरत राहिलं. यासोबत ऑइल किती खाते याचा हिशेब हवा. १,००० किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंत काळजी नाही. एक लिटर ओलांडलं तर आधी टर्बोची शाफ्ट हलवून बघा, मग व्हॉल्व्ह सील, आणि शेवटी रिंगा. मिस्त्री उलट्या क्रमाने सुरुवात करतो, कारण त्यात काम मोठं असतं.

आता आयुष्याबद्दल. अमेरिकेत हेच ५.९ लिटरचं इंजिन पिकअप गाड्यांत लागायचं आणि तिथे ३.५ लाख मैलांचा आकडा सांगितला जातो: तोवर निम्म्या इंजिनांचं मोठं काम निघालेलं असतं, निम्मी चालू असतात. ३.५ लाख मैल म्हणजे सुमारे ५ लाख ६० हजार किलोमीटर. आपल्याकडे भार जास्त, पण वेगही कमी, म्हणून नीट ठेवलेल्या १६१३ चं पहिलं इंजिन ५ ते ७ लाखांवर उघडतं, हा अंदाज धरायला हरकत नाही. मात्र किलोमीटरच मोजू नका. ताशी सरासरी ३० ने ८ लाख किलोमीटर म्हणजे साडेसव्वीस हजारांहून जास्त तास, त्यात जिनिंगपुढे, काट्यावर, मंडीच्या रांगेत चालू उभी राहिलेली गाडी धरलेलीच नाही.

या इंजिनाला वेगळे लायनर नसतात, पिस्टन थेट ब्लॉकमध्ये चालतो. बोअर १०२ मिलिमीटरचा. गोलाईतला फरक ०.०३८ किंवा टेपर (वरखालच्या व्यासातला फरक) ०.०७६ मिलिमीटरच्या बाहेर गेला की बोअर मारावा लागतो: आधी ०.५०, पुढच्या वेळी १.००, त्यानंतर स्लीव्ह, म्हणजे आत बसवायची नळी. क्रँक ०.२५ च्या टप्प्यांनी १.०० पर्यंत घासता येतो. म्हणजे एका ब्लॉकला तीन आयुष्यं नक्की, आणि इंजिनाच्या हिशेबाने १५ लाख किलोमीटर अशक्य नाही. पहिल्या उघडणीत बोअर मापात असेल तर फक्त रिंग, बेअरिंग, गॅसकेट टाका. उगाच बोअर मारून एक आयुष्य वाया घालवू नका. मोजमाप डोळ्यांदेखत डायल गेजने करून घ्या. टायमिंगचं पुढचं कव्हर उघडलंच तर केसमधली डॉवेल पिन घट्ट आहे का बघा. जुन्या ५.९ इंजिनांत ती सैल होऊन गिअरांत पडते आणि केस फुटते. तिच्या तोंडावर पत्र्याची पट्टी बोल्टखाली दाबली की प्रश्न मिटतो. व्हॉल्व्हचं अंतर थंड इंजिनावर: इनटेक ०.२५, एक्झॉस्ट ०.५१ मिलिमीटर.

यवतमाळ ते मूर्तिजापूर रस्ता जवळपास शकुंतला रेल्वेच्या नॅरोगेज रुळांच्या सोबतीने जातो. दारव्हा, कारंजा ही तिचीच स्टेशनं, आणि तीही इथला कापूस न्यायलाच घातलेली. १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेलं वाफेचं इंजिन १९२३ मध्ये तिच्यावर लागलं आणि १५ एप्रिल १९९४ पर्यंत धावलं. सत्तर वर्षं एकच इंजिन. त्याला रोज सकाळी कोणीतरी तेल घालत होतं, सांधे तपासत होतं.

ट्रकला तेवढी वर्षं मिळत नाहीत, कारण तो रुळावर चालत नाही. दारव्हा ते कारंजा काही पट्ट्यांत रस्ता लाटांसारखा झाला आहे. खाली काळी माती. पावसात फुगते, उन्हात फाटते, आणि वरचं डांबर तिच्यासोबत वरखाली होतं. इंजिन ठणठणीत असलेल्या गाड्या भंगारात जातात त्या या रस्त्यांमुळे, चेसीस गेल्यामुळे. इथे २५ ते ३० च्या वर जाऊ नका आणि कारंज्याला उतरून गाडीखाली जा.

काय बघायचं? मागच्या पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) ब्रॅकेटभोवती आणि केबिनच्या लगेच मागे, चेसीसच्या बाजूला गंजाची बारीक लाल रेघ. रंगाखालून लाल भुकटी निघत असेल तर तिथे तडा आहे किंवा रिव्हेट सैल आहे. तडा गेलाच तर त्याच्या टोकाला भोक पाडून तो थांबवायचा, मग आतून पट्टी बोल्टने बसवायची. वरच्या-खालच्या पट्टीवर आडवं वेल्डिंग मारू नका; वेल्डिंगच्या कडेलाच लोखंड कडक होतं आणि सहा महिन्यांत तिथूनच तुटतं. पाट्यांचं काम झालं असेल तर ५०० किलोमीटरनंतर यू-बोल्ट भरल्या गाडीवर पुन्हा आवळा. न आवळलेला यू-बोल्ट सेंटर बोल्ट कापतो, अॅक्सल सरकतो, आणि गाडी तिरकी चालून टायर खाते. शॅकलवर, टाय रॉडवर वाळलेल्या काळ्या मातीची ढेकळं जमलेली असतील तर खरवडून काढा. ती माती पाणी धरून ठेवते आणि ग्रीस निपल बुजवते.

मूर्तिजापूरला राष्ट्रीय महामार्ग ५३ लागतो. अमरावती-अकोला मार्गावरचा ७५ किलोमीटरचा पट्टा जून २०२२ मध्ये सलग काम करून १०५ तासांत डांबरी केला होता, त्याची गिनीज बुकात नोंद आहे. रस्ता गुळगुळीत असल्यामुळे आधी दबलेले आवाज इथे ऐकू येतात. ४५ ते ५५ च्या दरम्यान थरथर येऊन पुढे कमी झाली तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस किंवा सेंटर बेअरिंग. अॅक्सिलेटर सोडल्यावर मागून घूं असा सूर आला तर क्राऊन-पिनियन. ५५ च्या वर नेऊ नका. जुन्या गाडीचं डिझेलही वाचतं. या फेरीत सरासरी लिटरला ४.८ किलोमीटर पडली.

अकोल्यात दुपारी तीनला पोहोचणं टाळा. तिथलं ऊन ठाऊकच आहे. १०.००-२० च्या टायरात ११० पौंड हवा सकाळी थंड असताना भरून निघा, आणि दुपारी वाढलेली दिसली म्हणून काढू नका. दुसरी गोष्ट पाण्याची. अकोल्यापासून पूर्णेच्या खोऱ्यात खारपाण पट्टा आहे. तिथलं बोअरवेलचं पाणी रेडिएटरात गेलं की आत क्षार साचतात आणि ब्लॉकच्या बाजूचे वाटीसारखे प्लग आतून गंजून फुटतात. कूलंट आणि शुद्ध पाणी निम्मं-निम्मं केलेला २० लिटरचा कॅन गाडीत ठेवा. मार्च-एप्रिलमध्ये एवढंच घरून आणावं लागतं.

कागदांचा हिशेब लोखंडापेक्षा आधी संपतो. आठ वर्षांपर्यंत पासिंग (आरटीओची तपासणी) दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. दोन अॅक्सलच्या ट्रकला १२ वर्षांनंतर नॅशनल परमिट मिळत नाही, बहुअॅक्सलला १५ नंतर. म्हणून ही गाडी पांढरकवड्याहून जवळच असलेल्या तेलंगणातल्या आदिलाबादला माल नेत नाही, राज्यातच चालते. १२ वर्षं ओलांडलेली गाडी घेताना किंमत राज्यातल्याच भाड्यावर लावा. तपासणीची फीही वयाप्रमाणे चढते.

बाळापूरला मन आणि म्हैस नद्यांचा संगम ओलांडून थांबा आणि चारही हबवर हाताची मागची बाजू ठेवा. सगळे सारखे कोमट असायला हवेत. इथे डावा मागचा हब इतका तापला होता की हात टिकेना, बाकी तीन कोमट. ब्रेक घासत असेल तर ड्रमही तापतो आणि जळका वास येतो. इथे वास नव्हता, म्हणजे बेअरिंग. उरलेले किलोमीटर ३० च्या वेगाने, दर दहाला थांबून काढले.

खामगावला गाठी उतरल्यावर, परतीची सरकीची ढेप भरायच्या आधी हब उघडला. आतलं सील फाटलेलं, ग्रीस पातळ होऊन ब्रेक लायनरच्या कडेपर्यंत आलेलं, बाहेरच्या बेअरिंगच्या दोन रोलरवर निळसर डाग. दोन्ही बेअरिंग आणि सील नवीन, लिथियम ग्रीस रोलरांच्या मध्ये तळहातावर दाबून भरलं, नट आवळून हब फिरवला, मग थोडा ढिला करून लॉक केला. उजवा हबही त्याच दिवशी उघडायचा, कारण दोन्हींना ग्रीस एकाच तारखेला भरलेलं होतं.