अकरा सेंटीमीटरचा प्ले

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत बाकीचे लोक स्नेहसंमेलन, सहल आणि खाल्लेल्या छड्या यांवर लिहितील. छड्या माझ्याही वाट्याला आल्या, पण मला लिहायचंय ते आमच्या लाल ट्रॅक्टरच्या स्टेअरिंगवर. त्याचं कारण आमचे कार्यानुभवाचे सर.

मी नववीत होतो. आमचं रान श्रीरामपूरकडे, प्रवरेच्या डाव्या कालव्याच्या पाण्यावरचं, म्हणजे ऊस आलाच. ट्रॅक्टर 35 हॉर्सपॉवरचा, दोन मालक करून आमच्याकडे आलेला. हँडल अर्धी वीत फिरवलं तरी पुढची चाकं ढिम्म. डांबरीवर तर तो झोपेत चालल्यासारखा इकडून तिकडे जायचा. त्यात दुचाकी ट्रॉली मागे जास्त भरली गेली की पुढची चाकं हलकी व्हायची, मग विचारूच नका. तात्या सारखं हँडल डावं-उजवं करत त्याला रस्त्यावर ठेवायचे. वर म्हणायचे, जुना बैल असाच चालतो.

स्टेअरिंग बॉक्सवर एक ॲडजस्टिंग स्क्रू असतो, तो आवळला की प्ले, म्हणजे हँडलची ही मोकळी फिरत, जातो, असं मला कोणीतरी सांगितलं. मी त्याला जागेवर धरणारा चेकनट सैल करून स्क्रू चांगला दीड आटा आवळला. प्ले गेला! पण बांधाला वळवताना हँडल पूर्ण फिरवलं आणि ते तिथंच अडकलं. परत यायला तयार नाही. ट्रॅक्टर पुढच्या चाकांसह चारीत. नशीब, कालव्याच्या पाण्याची पाळी नव्हती, चारी कोरडी होती. तात्यांनी पायातली चप्पल काढली, पण मी तोवर चारीच्या पलीकडे पोचलो होतो.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर सर सायकलवरून आले. कॅरिअरला शाळेच्या पान्यांची पिशवी. आल्या आल्या पाना हातात घेतील असं वाटलं होतं, तर त्यांनी माझ्याकडं पट्टी मागितली.

"हँडलचा व्यास मोज."

42 सेंटीमीटर भरला. परीघ 132, बावीस सप्तमांशाने अगदी नि:शेष. मग चाक हलायला लागेपर्यंत हँडलची कड किती सरकते ते खडूने खूण करून मोजलं. अकरा. "म्हणजे किती अंश?" मी मातीत गणित केलं. तीस. तात्या ऐकत उभे होते. त्यांचा जुना बैल तीस अंश फिरवल्यावर जागा होत होता, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं.

मग सरांनी माझा स्क्रू होता तिथं परत आणला. असं का, हे त्यांनी शाळेच्या दगडी पायऱ्यांवरून सांगितलं. पायरी मधोमध झिजते, कारण सगळे मधूनच चढतात. कडा तशाच राहतात. बॉक्समधल्या वर्मचंही, म्हणजे हँडलबरोबर फिरणाऱ्या आटेदार दांड्याचंही, तेच. ट्रॅक्टर जास्त वेळ सरळ चालतो, म्हणून वर्म मधे झिजतो. मधली झीज भरून निघेपर्यंत स्क्रू आवळला, तर टोकाच्या न झिजलेल्या भागात तो अडकणारच. हे ऐकून मी तात्यांकडं पाहिलं नाही.

इंजिन बंद, चाकं जमिनीवर. तात्यांनी हँडल हळूहळू डावं-उजवं करायचं आणि मी खाली आडवं पडून एकेका जोडावर हात ठेवायचा. "हालचाल एका बाजूनं येते, दुसऱ्या बाजूनं जाते. आली पण गेली नाही, असा जोड सांग." पहिल्यांदा मला काहीच कळेना, सगळंच हलतंय असं वाटे. डोळे मिटायला लावले तेव्हा बोटांना कळलं. बॉक्सच्या शाफ्टवर बसणाऱ्या ड्रॉप आर्मचा, म्हणजे चाकांच्या दांड्या हलवणाऱ्या हाताचा, मोठा नट ढिला होता. शाफ्ट आधी हले, आर्म मागून. डाव्या बाजूच्या बॉल जॉइंटचं, म्हणजे दांडीच्या टोकाच्या गोळीच्या सांध्याचं, रबर फाटून आत काळी माती गेलेली. ग्रीसमध्ये मिसळलेली ती माती पॉलिश पेपरचं काम करते. त्या जोडात तर बोट चिमटेल एवढी फट. मग पुढची बाजू जॅकवर घेऊन चाक वर-खाली धरून हलवलं. उजवं बेरिंग थोडं सैल निघालं. पुढचं चाक ज्या खुंटीवर वळतं त्या किंगपिनचे बुश मात्र ठीक होते, याचं सरांना आश्चर्य वाटलं.

चार ठिकाणचं थोडं थोडं मिळून अकरा सेंटीमीटर, आणि त्यात बॉक्सचा वाटा सगळ्यात कमी!

ड्रॉप आर्मच्या नटाला पान्यावर पाइप चढवून तात्यांनी जोर लावला. आतल्या खाचा शाबूत होत्या, नाहीतर आर्मच बदलावा लागला असता. जुना बॉल जॉइंट काढताना सरांनी मला आटे मोजायला लावले. सतरा. नवा तितकेच आटे आत घातला, म्हणजे दांडीची लांबी बदलत नाही आणि चाकांची तोंडं फाकत नाहीत. तरी शेवटी दोन्ही रिममधलं अंतर पुढून आणि मागून टेपने मोजून घेतलंच.

नव्या जोडाच्या कॅसल नटाला, म्हणजे पिनसाठी खाचा असलेल्या नटाला, मी तारेचा तुकडा अडकवून टाकला होता. सरांनी तो पक्कडीने काढून माझ्या हातावर ठेवला आणि स्प्लिट पिन आणायला तीन किलोमीटर पिटाळलं, अंधार पडत असताना. दुकानदार जेवायला बसला होता. मनात मी सरांना काय काय म्हणालो ते स्मरणिकेत छापण्यासारखं नाही.

शेवटचं माप अडीच सेंटीमीटर. सोमवारी हे सगळं फळ्यावर करून दाखवायचं, एवढीच मजुरी सरांनी सांगितली. मी ते केलं, आणि घाबरून परिघाऐवजी व्यासानेच भागून बसलो. वर्ग हसला.

त्या रात्री टॉर्चच्या उजेडात सामान गोळा करताना अर्ध्या इंचाचा एक पाना टूलबॉक्समध्ये राहिला. दांड्यावर लाल रंगात शाळेचा नंबर घातलेला. आज देतो, उद्या देतो, करता करता दहावी झाली, शाळा सुटली. शाळेच्या सामानाच्या, म्हणजे जडवस्तुसंग्रहाच्या, वहीत तो अजून शिल्लक दाखवला असेल, किंवा कधीच निर्लेखित झाला असेल. समारंभाला येताना घेऊन येतो आहे. कार्यालयात कोणाकडं द्यायचा आणि पावती मिळेल का, तेवढं कळवावं.