आढ्याला टांगलेली पिशवी

२०२१चा मे महिना. अंगणवाडीला कुलूप लागून वर्ष उलटून गेलं होतं. पोरांना बोलवायचं नाही, आम्हीच घरोघर फिरायचं. गहू, हरभरा, मसूर डाळ पोहोचवायची, रजिस्टरवर सही नाहीतर अंगठा घ्यायचा आणि पुढचं घर गाठायचं.

शिकवण्याचं म्हणाल तर मोबाइलवर उपक्रमाचे व्हिडिओ यायचे, ते मी पालकांच्या ग्रुपवर टाकायची. आमचं गाव अमळनेर तालुक्यातलं. निम्म्या पोरांचे बाप कामाला सुरतेला, आणि घरातला एकुलता एक मोठा फोन त्यांच्या खिशात. ‘घरातल्या पाच लाल वस्तू शोधा’ हा उपक्रम तिकडे एखादा बाप्या लूमपाशी उभा राहून बघत असणार.

म्हणून पोरांना घरीच खेळायच्या साहित्याच्या पिशव्या द्यायचं ठरलं. गावातल्या नोकरीवाल्या पोरांनी वर्गणी काढली. मी आणि मदतनीस ताईंनी माझ्या ओट्यावर बसून दोन रात्रींत २६ पिशव्या भरल्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं ते गावात मिळेल त्या साहित्यावर, हे प्रशिक्षणात ऐकलेलं डोक्यात होतं. त्यामुळे विकतचं कमी, गोळा केलेलं जास्त. मेणाचे खडू आणि बोथट टोकाची कात्री तेवढी बाजारातली. बाकी कुंभाराकडची माती, पऱ्हाटीच्या म्हणजे कपाशीच्या सोललेल्या काड्या, गोल गिरवायला प्लॅस्टिकची बांगडी, जुन्या लग्नपत्रिका कापून केलेले चित्रांचे तुकडे. चिंचोके फक्त पाच वर्षांच्या पुढच्यांना. मण्यांना मी साफ नाही म्हटलं. तीन वर्षांचं पोर मणी आधी नाकात ओवतं, मग दोऱ्यात. ताईंनी हौसेने गुंजा आणल्या होत्या. दिसायला देखण्या, पण विषारी. त्या परत पाठवल्या.

एवढा सगळा विचार केला आणि वाटताना मात्र सवयीने रजिस्टर पुढे केलं. सही, अंगठा, पिशवी हातात धरून फोटो.

तीन आठवड्यांनी वजन-उंची घ्यायला पुन्हा फिरले. ऊन ४४ अंशांचं. गावाच्या कडेच्या एका पत्र्याच्या घरी गेले तर बाई मला बघूनच कावरीबावरी झाली. पाणी दिलं, पण नजर वर करेना. शेवटी खाटेवर चढली आणि आढ्याला बांधलेली पिशवी सोडून तिने माझ्या पुढ्यात ठेवली. गाठ मी मारली होती तशीच. आतले बाराही खडू पत्र्याच्या धगीने वितळून त्यांचा एक गोळा झाला होता, मेण लग्नपत्रिकांत मुरलं होतं, माती दगड झाली होती.

“कितला पैसा भरना पडतीन, बाई?” तिने विचारलं. “आंडेरले हात बी लाऊ दिधा नही मी.” म्हणजे पोरीला तिने हातही लावू दिला नव्हता.

मला आधी कळेचना. मग कळलं. सही घेतली, फोटो काढला, म्हणजे वस्तू सरकारची. शाळा उघडली की मोजून परत न्यायला येणार. एक काडी कमी भरली तर? नवरा सुरतेला, हिला निंदणीची मजुरी. तिने जपलं ते बरोबरच होतं. चूक माझ्या रजिस्टरची होती.

“नही वं माय,” मी म्हटलं, “हाई तुन्हंच शे.” तिला पटलं नाही. मग मी ओट्यावरचा दगड घेतला आणि तो रंगीत गोळा तिच्या डोळ्यांदेखत फोडला. ती दचकली. साडेचार वर्षांची पोरगी खांबाआडून बघत होती, ती एकदम पुढे आली. सगळ्यांत मोठा तुकडा उचलून तिने सारवलेल्या जमिनीवर ओढला. एकाच रेघेत निळा, पुढे पिवळा, मधेच लाल. तिने तुकडा उलटा करून बघितला, पुन्हा ओढला. आम्ही दुकानातून आणलेल्या खडूंत असा एकही नव्हता. माती मी पाण्यात भिजत घालायला सांगितली. निघेपर्यंत रेघ चुलीपाशी पोचली होती आणि आई “भितले नको, भितले नको” करत मागे.

वजन-उंची बाजूला ठेवून त्या दिवशी बाकीची सगळी घरं केली. गाठ न सुटलेल्या अकरा पिशव्या निघाल्या. कुणाच्या पेटीत, कुणाच्या देव्हाऱ्यामागे. अकराही मी दारातच फोडल्या. एकीने विचारलं, “मंग सही कसाले लिधी?” त्याला मला उत्तर देता आलं नाही.

एका घरी मात्र पिशवी पार रिकामी होती. कात्री आजोबांच्या मिशांना लागली होती, मातीची चूल झाली होती, पऱ्हाटीच्या काड्या त्या चुलीत गेल्या होत्या आणि चिंचोके भाजून खाल्ले होते. त्या नावापुढे शेऱ्याच्या रकान्यात मी ‘उत्तम’ लिहिलं.