लोणंद ते बरड, पाखरं बघत चाललेली वारी

आळंदीपासून सगळी वारी नोकरीमुळे जमत नाही, म्हणून माऊलींची पालखी नीरा ओलांडून आपल्या सातारा जिल्ह्यात आली की मी लोणंदला दिंडीत शिरते आणि बरडपर्यंत चालते. भजन, फुगड्या, रिंगण याबद्दल सगळेच लिहितात, मला यावेळी रस्त्याकडेच्या पाखरांबद्दल लिहायचंय.

लोणंद सोडलं आणि टाळमृदंग जरा थांबले तेवढ्यात लांबच्या आंब्यातून पावशा सुरू झाला, "पेर्ते व्हा, पेर्ते व्हा", आवाज चढत चढत जातो आणि एकदम तुटतो. शेजारी परभणीकडच्या मावशी होत्या, त्या म्हणाल्या, "माऊली, हा वरडला की आमचे मालक बियाण्याची पोती बाहेर काढायचे बघा." मी म्हटलं मावशी, हा दुसऱ्याला पेरायला सांगतो पण यांची मादी स्वतः घरटं बांधत नाही, सातभाईंच्या घरट्यात अंडं टाकून मोकळी होते. मावशी इतक्या हसल्या की डोक्यावरची तुळस सावरावी लागली.

चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं, अश्व धावले, गर्दी तर विचारू नका. पण तारेवर बघितलं तर कोतवाल आणि वेडे राघू ओळीने बसलेले, एवढ्या पावलांनी गवतातले किडे उडतात ना, ते बरोबर हवेत टिपून परत जागेवर. पूर्वी असं बसायला झाडंही भरपूर होती, पालखी मार्ग रुंद करताना बरीच गेली, त्याचं मला फार वाईट वाटतं.

तरडगाव सोडल्यावर एका मुरमाड पडीक रानात आमची दिंडी विसाव्याला थांबली आणि टिटवीने डोक्यावर नुसता कालवा केला. पताका घेतलेले एक आजोबा लगेच ओळखले, म्हणाले हिची अंडी हितंच हायेत, कुणी पुढं जाऊ नका. बघितलं तर खरंच, खड्यांमध्ये चार अंडी, टोकं आत करून ठेवलेली, मातकट रंगावर काळे ठिपके, दोन हातांवरून पण खडे कुठले आणि अंडी कुठली कळेना. घरटं म्हणायला काडीसुद्धा नाही. आजोबा पताका रोवून तिथंच उभे राहिले आणि येईल त्याला "माऊली, तिकडनं, तिकडनं" करत वळवत होते. आम्ही लांब सरकून बसलो तेव्हा ती उतरली, चार पावलं पळायची, थांबायची, मान वर करायची, असं करत करत शेवटी अंड्यांवर बसली. टिटवीने उंचवट्यावर अंडी घातली तर पाऊस चांगला असं आजोबांच्या गावात मानतात, हा उंचवटाच होता त्यामुळे ते खूश!

तिथंच गवतात विष्णुक्रांतेची निळी फुलं होती, नखाएवढी. ती सकाळीच बघायची, दुपारी मिटतात. तरवड मात्र दिवसभर पिवळाधमक.

फलटणच्या पुढे नीरा उजव्या कालव्यामुळे ऊसच ऊस, आणि ऊस तिथं सुगरण. एका विहिरीवर वाकलेल्या बाभळीला घरटी लटकलेली, काही अर्धवट. नर उसाच्या पानाची कड चोचीने जरा चिरतो, ते टोक धरून उडतो आणि लांबलचक पट्टी सर्रकन सोलून निघते. विणकाम सगळं त्याचंच, मादी येऊन अर्धं घरटं तपासते आणि पसंत पडलं तरच पुढचं. मावशींना हे सांगितलं तर म्हणाल्या, "बरं करती, बाईनं बघून घ्यावं."

तुम्ही या पट्ट्यात चालणार असाल तर पहाटेच्या टप्प्यात दिंडीच्या कडेला राहा, दुर्बिणीची गरज नाही. फक्त टिटवी ओरडायला लागली की फोटोच्या नादात पुढे जाऊ नका, आधी पायाखाली बघा आणि मागे या.