परीक्षा हुकली तरी चालेल, टर्म जाऊ देऊ नका

पावसाळ्यात सांगलीत लोक सकाळी उठून आधी आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी बघतात. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. २०१९ साली पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, २०२१ साली पुन्हा घरांत शिरलं. भिलवडी, अंकलखोप, सांगलीवाडीकडच्या पोरांचं कॉलेज अशा वेळी सुटतं आणि पाणी ओसरल्यावरही चिखल उपसण्यात आणखी दिवस जातात. पण पुराची निदान बातमी तरी होते. वडिलांना झटका येणं, आई दवाखान्यात असणं, स्वतःचा हात मोडणं, मन इतकं खचणं की खोलीबाहेर पडवत नाही, याची कुठेच नोंद होत नाही. कॉलेजच्या लेखी तो विद्यार्थी नुसता गैरहजर असतो.

अशा वेळी घरात सगळ्यांना परीक्षेची काळजी असते. खरी काळजी टर्मची, म्हणजे हजेरी भरून कॉलेजने ते सत्र मंजूर करण्याची, करायला हवी. टर्म मंजूर झाली आणि परीक्षा हुकली, तर विषय राहतो आणि तो पुढच्या परीक्षेत सोडवता येतो. टर्मच मंजूर झाली नाही तर परीक्षेला बसताच येत नाही, त्या सत्राला पुन्हा प्रवेश घ्यावा लागतो आणि वर्ष जातं. एटीकेटीलाही, म्हणजे विषय राहूनही पुढच्या वर्षात जाण्याच्या सवलतीलाही, मर्यादा आहे हे खरं. बहुतेक अभ्यासक्रमांत पहिल्या वर्षाचे विषय सुटल्याशिवाय तिसऱ्या वर्षात घेत नाहीत. तरीही दोन्हींपैकी एकच वाचवता येत असेल तर टर्म वाचवा.

हिशेब करून बघा. सत्रात ९० दिवस शिकवणं धरलं तर ७५ टक्के हजेरी म्हणजे ६८ दिवस. म्हणजे बावीसेक दिवसांची गैरहजेरी नियमातच बसते. तीन आठवडे बुडाले की पोरं ‘आता वर्ष गेलंच’ म्हणून पुढचा महिनाही येत नाहीत, आणि टर्म जाते ती त्या महिन्यामुळे. त्यामुळे जमेल त्या दिवसापासून वर्गात बसायला लागा, वही अपुरी असली तरी. हजेरी बऱ्याच ठिकाणी विषयवार मोजतात, म्हणून आठवड्याला दोनच तास असलेल्या विषयाकडे आधी बघा. थोडी तूट प्राचार्यांच्या शिफारशीने माफ होऊ शकते. किती, ते त्या अभ्यासक्रमाच्या नियमांत दिलेलं असतं, ऑफिसात मागून वाचा.

माफी मिळते ती कागदावर. सरांना फोन केला, वर्गाच्या ग्रुपवर मेसेज टाकला, याला पुरावा म्हणत नाहीत. अडचण आली त्याच आठवड्यात अर्ज द्या, स्वतः जाता येत नसेल तर भावाच्या किंवा मैत्रिणीच्या हातून. दोन प्रती काढा. एक आवक-जावकला द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. ही पोच जपून ठेवा, पुढचं सगळं तिच्यावर चालतं. निकाल लागल्यावर दिलेला अर्ज कितीही खरा असला तरी सबब वाटतो.

अर्जात ‘घरगुती अडचणीमुळे’ किंवा ‘तब्येत बरी नसल्याने’ एवढंच लिहिलं तर तो बाजूला पडतो. चार ओळी पुरतात, पण त्यांत तारखा हव्यात: ‘मी बी.एस्सी. भाग २ मध्ये शिकत असून माझा पीआरएन (विद्यापीठाचा नोंदणी क्रमांक) अमुक आहे. माझ्या वडिलांना दि. ४ ते १९ सप्टेंबर या काळात मिरजेच्या रुग्णालयात दाखल केले होते. घरात दुसरे कोणी नसल्याने मी त्यांच्याजवळ होतो. या काळातील १३ दिवसांची गैरहजेरी माफ करावी, तसेच दि. ११ रोजी हुकलेली रसायनशास्त्राची अंतर्गत चाचणी पुन्हा घ्यावी, ही विनंती.’ काय झालं, कधीपासून कधीपर्यंत, आणि नेमकं काय हवंय. सोबत डिस्चार्ज कार्डाची प्रत लावा. कार्ड वडिलांच्या नावावर असेल तर नातं दाखवायला रेशनकार्डाची प्रतही लागते. ती नसली की अर्ज परत येतो. डॉक्टरांचा दाखला घेताना त्यावरच्या तारखा अर्जाशी जुळतात का ते तिथेच बघा. पुरासाठी पंचनाम्याची प्रत किंवा तलाठ्याचा दाखला चालतो.

कुठलं काम कुणाकडे, हे कळलं की हेलपाटे वाचतात. अंतर्गत गुण आणि प्रात्यक्षिक हे विभागप्रमुखांच्या हातात असतं, पण गुण ऑनलाइन भरून होईपर्यंतच. एकदा ते विद्यापीठाकडे गेले की बदल करणं फार अवघड. म्हणून चाचणी हुकली की सगळ्यांत आधी विभागात जा. प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशीच अडचण आली, तर दुसऱ्या बॅचमध्ये बसवता येईल का ते लगेच विचारा. टर्म हा प्राचार्यांचा विषय. विद्यापीठाच्या पेपरची कुठलीही गोष्ट प्राचार्यांमार्फत कोल्हापूरला, शिवाजी विद्यापीठाच्या परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांकडे जाते. सांगली आणि सातारा जिल्ह्यांतली बरीचशी कॉलेजं शिवाजी विद्यापीठाला जोडलेली आहेत. साताऱ्यातली काही कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठात आहेत, त्यांची परीक्षा तिथलीच. रस्ते बंद पडले की विद्यापीठ पेपर पुढे ढकलतं, पण फक्त तुमच्या वाडीचा ओढा भरला म्हणून ढकलत नाही. तेव्हा त्याच दिवशी वैयक्तिक अर्ज करा.

परीक्षेचा फॉर्म मात्र कुठल्याही परिस्थितीत भरा. भरून बसला नाहीत तर फी जाते आणि विषय राहतो. भरलाच नाही तर ऐन वेळी तब्येत सुधारली तरी बसता येत नाही.

लिहिता हात मोडला तर लेखनिक मागता येतो. वैद्यकीय दाखला आणि लेखनिकाची शैक्षणिक माहिती जोडून पेपरच्या काही दिवस आधी अर्ज करा. दिव्यांग विद्यार्थ्याला तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. तात्पुरत्या फ्रॅक्चरला ती आपोआप मिळतील असं धरून चालू नका, त्याच अर्जात मागून घ्या.

मनाच्या आजाराबद्दल पोरं बोलत नाहीत, आणि इथे सगळ्यांत जास्त वर्षं वाया जातात. दाखल्यावर आजाराचं नाव साऱ्या ऑफिसने वाचावं अशी गरज नाही. ‘उपचार चालू आहेत’ आणि तारखा, एवढ्यावर काम भागवा. तपशील लागलाच तर बंद पाकिटात प्राचार्यांना द्या. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांना समुपदेशक नेमायला सांगितलं आहे, तेव्हा कॉलेजात कोण आहे हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

लग्न, बाळंतपण यानंतर मुली कुणाला न सांगता कॉलेज सोडतात, याचं मला फार वाईट वाटतं. विद्यार्थिनींना प्रसूतीसाठी रजा आणि हजेरीत सवलत द्यावी, असं यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) डिसेंबर २०२१ मध्ये विद्यापीठांना कळवलं आहे. पीएच.डी. करणाऱ्यांना तर २४० दिवसांपर्यंत रजेची तरतूद आहे. सासरच्यांनी ऑफिसात एक चक्कर मारली तरी पुष्कळ होतं.

आता पैशाचं. फी थकली म्हणून तोंड लपवू नका, हप्ते मागा आणि तेही लेखी. ‘कमवा व शिका’ मध्ये जागा आहे का विचारा. कर्मवीरांच्या जिल्ह्यात तरी त्यात कुणाला कमीपणा वाटू नये. दुष्काळ जाहीर झाला की सवलतींत परीक्षा शुल्काची माफी असते. २०२३ साली शिराळा, कडेगाव, खानापूर, मिरज, वाई आणि खंडाळा तालुके त्यात होते. पुढे असं झालं तर रहिवासी दाखला घेऊन कॉलेजात जा. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर राजर्षी शाहू शिष्यवृत्ती घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा, अभ्यासक्रमात दोन वर्षांचा खंड पडला तर ती बंद होते. एका वर्षाच्या आत परता.

थांबावंच लागलं तर नुसते गायब होऊ नका. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत पहिल्या वर्षाचे किमान ४० क्रेडिट (श्रेयांक) आणि वर ४ क्रेडिटचं कौशल्याचं काम पूर्ण केलं, तर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येतं. क्रेडिट अकॅडमिक बँकेत, म्हणजे क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यात, सात वर्षांपर्यंत राहतात. त्या बँकेचा आयडी उघडलेला आहे आणि क्रेडिट जमा झालेत, एवढं जाण्याआधी तपासा.

आणि कुणी दाद दिली नाही तर? यूजीसीच्या २०२३ च्या नियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तो मान्य नसेल तर पुढच्या १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं. मूळ गुणपत्रिका अडवून ठेवणं हासुद्धा तक्रारीचा विषय आहे. तक्रारीला पहिला कागद म्हणून तीच आवक क्रमांकाची पोच जोडा.