तुम्ही विचारलंत म्हणून: रेझिस्टर टाकून दिवा का घालवत नाही

स्टिअरिंग बदललं, डॅशबोर्डवरचा एअरबॅगच्या बिघाडाचा दिवा लागून राहिला, की गाडी माझ्याकडे येते ती एकच मागणी घेऊन: "एक रेझिस्टर टाका आणि दिवा घालवून द्या." रेझिस्टर म्हणजे विजेला ठरावीक रोध करणारा छोटा भाग; तो एअरबॅगच्या तारांत टाकला की गाडीला वाटतं बॅग जोडलेली आहे, आणि दिवा विझतो. मी नाही म्हणतो. त्यावर पुढचा प्रश्न ठरलेला. "बाकीचे करून देतात, तुम्हालाच काय अडचण आहे?" कुणाला मी घाबरट वाटतो, कुणाला वाटतं बिल वाढवायला बघतोय, कुणाला वाटतं मला येतच नाही. येतं. दोन ओहमच्या आसपासचा रेझिस्टर दोन तारांत टाकायला फार अक्कल लागत नाही.

"फक्त स्टिअरिंगचं चाक बदललं हो, वायरिंगला हातसुद्धा लावला नाही." हेही रोजचंच. अहो, पण चाक फिरतं आणि खालच्या कॉलममधल्या, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याभोवतीच्या भागातल्या, तारा फिरत नाहीत. या दोघांना जोडते ती क्लॉक स्प्रिंग, म्हणजे प्लॅस्टिकच्या डबीत गुंडाळलेली एक चपटी केबल. आजच्या बहुतेक गाड्यांत हॉर्न, आवाजाची बटणं, क्रूझ (वेग आपोआप कायम ठेवणारी यंत्रणा) आणि एअरबॅग, सगळ्यांचा रस्ता त्या एका पट्टीतून जातो. चाक उतरवलेलं असताना ती डबी कुणी गंमत म्हणून फिरवली किंवा गाडीची पुढची चाकं सरळ न करताच काम उरकलं, तर पट्टीचा मध्य हलतो. गाडी सरळ चालते तोवर काही कळत नाही. पूर्ण वळण घेतलं की एका बाजूला पट्टी कमी पडते, ताणली जाते आणि एक दिवस तुटते.

म्हणून मी आधी एवढंच विचारतो, की काय काय एकदम बंद पडलं? हॉर्न, बटणं आणि दिवा तिन्ही एकत्र असतील तर संशय पट्टीवर. फक्त आवाजाची बटणं वेडीवाकडी वागत असतील, आवाज वाढवायला जावं आणि गाणं बदलावं, तर पट्टी बहुधा शाबूत आहे. बऱ्याच गाड्यांत प्रत्येक बटणामागे वेगळा रोध असतो आणि नव्या चाकाचे रोध तुमच्या स्टिरिओच्या हिशेबात बसत नाहीत. नव्या पद्धतीच्या चाकात छोटं मॉड्यूलच असतं, तिथे कोडिंगशिवाय, म्हणजे गाडीच्या संगणकाला त्याची ओळख करून दिल्याशिवाय, गत्यंतर नाही. वळताना हॉर्न आपोआप वाजत असेल तर एखादी तार स्टिअरिंगखाली चेपून गाडीच्या धातूला टेकतेय (अर्थ होतेय) का ते आधी बघा. आणि दिव्यासोबत स्थिरता नियंत्रणाचाही (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागला असेल तर स्टिअरिंगचा कोन मोजणारा सेन्सर शून्यावर आणावा लागतो. पुष्कळ गाड्यांत तो क्लॉक स्प्रिंगलाच जोडलेला असतो.

रेझिस्टर माझ्या पेटीतही आहे, हे लपवत नाही. बॅटरी काढून, कंपनीच्या पुस्तकात दिलेला वेळ थांबून, एअरबॅगचा पिवळा कपलर, म्हणजे तारा जोडणारा प्लग, सोडवायचा आणि बॅगेच्या जागी रेझिस्टर लावायचा. गाडीच्या संगणकातला बिघाडाचा कोड गेला तर दोष बॅगेत किंवा तिच्या कपलरमध्ये, कोड राहिला तर खाली पट्टीत किंवा वायरिंगमध्ये. बॅगेला थेट मल्टिमीटर लावायचा नाही, त्याचा करंटही तिला पेटवू शकतो. चाचणी झाली की रेझिस्टर परत पेटीत. माझा आक्षेप तो गाडीत राहण्याला आहे.

आता ती गाडी. एका गृहस्थांनी वापरलेली गाडी घेतली होती, स्टिअरिंग आधीच्या मालकानं बदललेलं. तक्रार साधी: डावीकडे बरंचसं वळवलं की हॉर्न वाजत नाही. मी बसून बघितलं. सरळ असताना हॉर्न ठणठणीत. डावीकडे अर्ध्याच्या पुढे गेलं की हॉर्न गप्प, आवाजाचं बटणही गप्प. परत आणलं की दोन्ही सुरू. पट्टी गेलीय हे उघड होतं. खटकलं ते वेगळंच. चावी फिरवली की एअरबॅगचा दिवा लागत होता आणि चार-पाच सेकंदांत शहाण्यासारखा विझत होता. स्कॅनर लावला तर एअरबॅगचा एकही कोड नाही, जुना साठलेलासुद्धा नाही. त्याच पट्टीतून जाणारे दोन रस्ते तुटतात आणि तिसऱ्याची कधी एकदाही तक्रार नाही?

बॅटरी काढली, थांबलो, कॉलमखालचं कव्हर उघडलं. पिवळ्या वेष्टणातल्या दोन तारा क्लॉक स्प्रिंगच्या आधीच कापलेल्या होत्या. त्यांच्या टोकांमध्ये झारलेला रेझिस्टर, वर काळी टेप, आणि टेप इतकी नेटकी गुंडाळलेली की करणारा हाताचा चांगला होता हे दिसत होतं. चाक उतरवलं. मागे बॅग होती, पण दुसऱ्या मॉडेलची. तिचा कपलर या गाडीला बसतच नव्हता, तो मोकळाच लोंबत होता. एअरबॅगचं कंट्रोल युनिट प्रत्येक वेळी चावी फिरवल्यावर त्या रेझिस्टरला विचारत होतं, बॅग आहे का, आणि तो सांगत होता, आहे. धडक झाली असती तर बॅग उघडायचा हुकूमही त्यालाच गेला असता.

गृहस्थांना बोलावून दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हॉर्नचं काय?" मी सांगितलं, पट्टी नवी टाकतो, तारा मूळच्यासारख्या जोडतो, पण दिवा लागेल, कारण बॅग जोडलेली नाही. या गाडीची बॅग आणि चाक मिळालं की जाईल. ते म्हणाले, "गाडी आणली तेव्हा दिवा नव्हता. तुम्ही उघडलंत आणि दिवा लावलात." मी पुन्हा समजावलं. त्यांनी पुन्हा तेच वाक्य म्हटलं, या वेळी आवाज चढवून. शेजारी त्यांची मुलगी उभी होती, ती म्हणाली, "बाबा, काका सांगतायत ते बरोबर आहे." त्यांनी तिच्याकडे बघितलंही नाही. हॉर्नचे पैसे दिले आणि लागलेल्या दिव्यासह गाडी घेऊन गेले. पुढे त्यांनी काय केलं मला माहीत नाही. दिवा घालवून देणारे पुष्कळ आहेत.

एक काळ असा होता की मी म्हणायचो, गाडी ज्याची निर्णय त्याचा, आपण कोण? त्या मताला आजही माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. पण त्या गाडीत रेझिस्टर ज्यानं टाकून घेतला तो तिच्यात बसतच नव्हता. त्यानं निर्णय घेतला आणि जोखीम दुसऱ्याला विकली, न सांगता. दिवा लागलेला असता तर घेणाऱ्यानं निदान विचारलं असतं.

यावर एका जाणकार माणसानं मला अडवलं होतं, आणि त्याचा मुद्दा मी खोडू शकलेलो नाही. त्याचं चाक मुद्दाम बिनबॅगेचं होतं, त्याला ते पुरतं ठाऊक होतं. तो म्हणाला, कोड असला की कित्येक मॉडेलांत कंट्रोल युनिट शेजारच्या सीटची बॅग आणि बेल्ट घट्ट ओढणारी यंत्रणाही बंद ठेवतं. रेझिस्टर टाकला तर माझी बॅग गेलेलीच आहे, पण बायकोची चालू राहील. मग तुमच्या हट्टामुळे ती असुरक्षित नाही का? मी म्हटलं, गाडी विकशील तेव्हा काय? तो म्हणाला, लिहून देईन. मी म्हटलं, तो कागद गाडीबरोबर किती मालकांपर्यंत पोचेल? तो गप्प बसला, पण त्यानं माझं मानलं नव्हतं. आणि मलाही, खरं सांगायचं तर, त्याच्या बायकोच्या सीटचं उत्तर देता आलं नव्हतं. मी काम केलं नाही, एवढंच.

तेव्हा विचारा जरूर, चिडणार नाही. फक्त येताना जुनं स्टिअरिंग विकलं नसेल तर त्याच्या बॅगेसकट घेऊन या. माझी पहिली चाचणी तेच परत बसवून बघण्याची असते. आणि दिवा लागल्यापासून चाक कुणी कुणी उतरवलं ते खरं सांगा, तासाभराचं काम वाचतं.