फ्रँक राइकची वही : गाडी आता फोर्थ डाउनपाशी

जुन्या मॅचेस पॉज करत एकेक प्ले चौकटीच्या वहीत उतरवणाऱ्या मंडळींसाठी हा पुढचा हप्ता. फ्रँक राइक म्हणजे अमेरिकन फुटबॉलमधला क्वार्टरबॅक (पास टाकणारा मुख्य खेळाडू), पुढे कोच. त्याची कॉलेजमधली मॅच मागेच संपवली : 10 नोव्हेंबर 1984, मियामीविरुद्ध मेरीलँड हाफटाइमला 0-31 असं मागे, बाकावरून उठून राइक आत येतो आणि मेरीलँड 42-40 ने जिंकतं. आता 3 जानेवारी 1993, राइकचे बफेलो बिल्स विरुद्ध ह्यूस्टन ऑइलर्स.

3-35 वरून 41-38, एवढं सगळ्यांना पाठ असतं. पण उतरवायला बसलं की मॅच वेगळी दिसते. नेहमीचा क्वार्टरबॅक जिम केली जखमी म्हणून राइक खेळतोय, आणि तिसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीलाच त्याचा पास अडवून ऑइलर्सचा बबा मॅकडॉवेल 58 यार्ड पळत टचडाउन करतो (चेंडू गोलरेषेपार नेतो). आता लांब पासांचा भडिमार होणार असं वाटतं. तसं काही होत नाही. बिल्सचा पहिला टचडाउन केनेथ डेव्हिसचा, 1 यार्डावरून, धावत. मग स्टीव्ह क्रिस्टीची ऑनसाइड किक (चेंडू आपल्यालाच परत मिळावा म्हणून मारलेली आखूड किक), तीही त्याने स्वतःच झडप घालून मिळवलेली. मग कुठे डॉन बीबीला 38 यार्डांचा पास. (बीबीचा पाय आधी रेषेबाहेर पडला होता, पण त्या मोसमात रीप्ले रिव्ह्यूच बंद होता!)

आंद्रे रीडच्या पहिल्या टचडाउननंतर स्कोअर 24-35. ऑइलर्सच्या वॉरन मूनचा पास बिल्सच्या हेन्री जोन्सने पकडला, चेंडू पुन्हा बिल्सकडे, आणि थोड्याच वेळात ऑइलर्सच्या 18 यार्डावर फोर्थ अँड फाइव्ह, म्हणजे चौथा आणि शेवटचा प्रयत्न (फोर्थ डाउन), अजून 5 यार्ड हवेत. फील्ड गोल (खांबांमधून किक, 3 पॉइंट्स) मागून मारायचा असल्याने 35 यार्डांचा झाला असता, म्हणजे मारण्यासारखा. बिल्सनी तो मारला नाही. राइकने पुन्हा रीडलाच टचडाउन पास दिला, 31-35. या एका प्लेला मी अख्खं पान दिलंय, कारण माझ्या मते कोच राइक इथेच सुरू होतो.

मधली वर्षं भराभर : 1995 मध्ये कॅरोलायना पँथर्सच्या पहिल्यावहिल्या मॅचचा क्वार्टरबॅक, नंतर जेट्स, लायन्स, मग शार्लटमध्ये चक्क एका सेमिनरीचा अध्यक्ष. कोचिंगमध्ये तसा उशिराच आला.

वहीत पुढचं मोठं पान 4 फेब्रुवारी 2018 चं, ईगल्स-पेट्रियट्स सुपर बोल. फोर्थ अँड गोल, 1 यार्ड, हाफटाइम तोंडावर, ईगल्स 15-12 ने पुढे. मुख्य कोच डग पेडरसन, ऑफेन्सचा कोऑर्डिनेटर राइक : दोघेही खेळाडू म्हणून बव्हंशी बॅकअप, आणि मैदानावरचा निक फोल्सही कार्सन वेंट्झच्या दुखापतीमुळे आलेला बॅकअपच. स्नॅप (प्ले सुरू करताना मागे दिलेला चेंडू) कोरी क्लेमेंटकडे, त्याच्याकडून ट्रे बर्टनकडे, बर्टनचा पास फोल्सला. क्वार्टरबॅकनेच पास पकडला ना, त्यासाठी माझ्याकडे खूणच नव्हती. आता गोलात उलटा बाण काढतो.

तिसरं पान कोल्ट्सचं आणि ते कडू आहे. 30 सप्टेंबर 2018, राइकची मुख्य कोच म्हणून चौथीच मॅच, टेक्सन्सशी 34-34, ओव्हरटाइमचा अर्धा मिनिटही उरलेला नाही. फोर्थ अँड फोर, आपल्याच 43 यार्डावर. पंट मारला असता (किक मारून चेंडू दूर धाडला असता) तर बहुधा बरोबरी. राइकने अँड्र्यू लकला पास टाकायला लावला, पास पडला, टेक्सन्सनी फील्ड गोल मारून 37-34 ने मॅच नेली. पुन्हा वेळ आली तरी हेच करीन, असं तो नंतर ठामपणे म्हणाला. मला तो पटतो, पण त्या जागेवरून नाही. 43 म्हणजे विरोधकाला अर्धं मैदान आंदण. तरी 1-5 वरून तोच संघ 10-6 ला पोचून प्लेऑफला (बाद फेरीला) गेला, हेही खरं.

पुढचा नंबर 17 डिसेंबर 2022 च्या मॅचचा. नोव्हेंबरमध्ये कोल्ट्सनी राइकला काढलं, आणि दीड महिन्याच्या आतच त्यांनी व्हायकिंग्जविरुद्ध 33-0 ची आघाडी घालवली. राइकच्या बिल्सचा 32 पॉइंट्सचा विक्रम मोडला तो असा. प्लेऑफमधला मात्र अजून त्यांच्याच नावावर आहे. ती मॅच कोणी आधीच उतरवली असेल तर फक्त फोर्थ डाउनची पानं धाडा, ताडून बघू.