तिथीची पाऊणपट

वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या वाडीत भरतीची वेळ विचारली, की तात्या भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी पाहतात, तिची पाऊणपट करतात आणि सांगतात: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. होडी काढण्यापुरता हा हिशोब चोख आहे. तात्यांचा दुसरा हिशोब मात्र मी लहानपणापासून ऐकत आलो आहे आणि आता तो मला पटत नाही: ‘अमावास्या इली काय दर्याक उधाण येता, तसा माणसाच्या डोक्याक पण येता.’ मेंदूत तीन चतुर्थांश पाणी असते, ही भर अलीकडे व्हॉट्सअ‍ॅपवरून आली आणि जुन्या समजुतीला शास्त्राचा मुलामा चढला.

मेंदूत साधारण तेवढे पाणी असते हे खरे; त्यावरून काढलेला निष्कर्ष खरा नाही. चंद्राची ओढ पृथ्वीच्या त्याच्याकडील बाजूवर किंचित जास्त आणि पलीकडील बाजूवर किंचित कमी पडते, आणि भरती येते ती या फरकामुळे; तो फरक पडायला मध्ये पृथ्वीचा सुमारे १२,७०० किलोमीटरचा व्यास आहे. वीतभर कवटीच्या दोन टोकांत तो नसल्यातच जमा. न्हाणीघरातल्या घंगाळाला उधाण आलेले काकीने तरी कुठे पाहिले आहे?

ही समजूत आपल्यापुरती नाही. वेडाला इंग्रजीत चंद्रावरूनच नाव पडले आणि तेच नाव मिरवणारा १९१२ चा ‘इंडियन ल्युनसी अ‍ॅक्ट’ आपल्याकडे १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रद्द होईपर्यंत चालू होता. तिकडे दोष पौर्णिमेचा, आपल्याकडे मुख्यतः अमावास्येचा. उधाण मात्र दोन्हींना येते. जेम्स रॉटन आणि आयव्हन केली यांनी १९८५ मध्ये ३७ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा माणसांच्या विचित्र वागण्यातील चढउतारांपैकी एक टक्काही चंद्राच्या कलांशी जोडता आला नाही.

तरीही तात्या खोटे बोलत नाहीत. तात्यांच्या मुलाला, म्हणजे माझ्या चुलतभावाला, बायपोलर आजार आहे: कधी उन्माद, कधी खोल उदासी. तो बिघडला आणि त्या आठवड्यात अमावास्या असली तर ती घरात सर्वांच्या लक्षात राहते, नसली तर तिथी कोणी बघतही नाही. दोन वर्षांपूर्वी याच समजुतीपायी ‘अमावास्या सरू दे’ म्हणून आठ दिवस डॉक्टरांकडे जायचे राहिले आणि त्या आठ दिवसांत त्याने उधारीवर दोन नवी जाळी घेतली, एका शेजाऱ्याशी मारामारी केली. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, म्हणून गेल्या कार्तिकात मी काकीला त्याच कॅलेंडरावर रोज दोनच गोष्टी लिहायला सांगितल्या: तो किती तास झोपला आणि दिवस कसा गेला.

माघापर्यंतच्या अमावास्या शांततेत गेल्या. बिघाड दोनदा झाला, दोन्ही वेळा जत्रेनंतर. रात्रभर दशावतार पाहायचा, पहाटे घरी यायचे, दुसऱ्या रात्रीही डोळ्याला डोळा लागायचा नाही आणि तिसऱ्या दिवशी बोलणे धावू लागायचे. त्यांतली एक जत्रा त्रिपुरारी पौर्णिमेची होती. म्हणजे तिथीचा संबंध होता, पण तो जागरणामार्फत, कारण आमच्या जत्रा तिथीनेच भरतात. झोप मोडली की उन्माद उफाळू शकतो, हे मनोविकारतज्ज्ञ रुग्णांच्या घरच्यांना आवर्जून सांगतात.

एका घराच्या कॅलेंडरावरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे मला कळते. परंतु विजेच्या दिव्यांपूर्वी पौर्णिमेच्या उजेडाने झोप उडत असावी आणि त्यातूनच ही समजूत रुजली असावी, असा तर्क १९९९ मध्ये काही संशोधकांनी मांडला होता. पुढे २०२१ मध्ये अर्जेंटिनातील आदिवासी वस्त्यांत आणि सिएटलच्या विद्यार्थ्यांमध्ये झोप मोजली, तेव्हा पौर्णिमेच्या आधीच्या रात्री लोक उशिरा आणि कमी झोपत असल्याचे आढळले.

तात्यांना हे सारे सांगितल्यावर ते बराच वेळ कॅलेंडर चाळत बसले. यंदाच्या जत्रेला आडदशावतार संपताच, मुख्य आख्यान सुरू होण्याआधी, त्यांनी मुलाला स्वतः उठवून घरी आणले. तो कुरकुरत झोपला. काकीने सकाळी त्या चौकोनात ‘सहा तास’ असे लिहिले आणि तात्यांनी त्याच चौकोनातली तिथी पाहून भरतीची वेळ सांगितली.